टाकीतले पडदे

मी पडदे शिवते. खिडक्यांचे, दारांचे, दवाखान्यातल्या खाटांभोवतीचे. दुकानांपुढची जाड ताडपत्रीची छपरंही शिवते, कारण तसलं दणकट मशीन आमच्या भागात माझ्याशिवाय कुणाकडे नाही. सांगायचा मुद्दा हा की पडदा या विषयात मला कुणी अक्कल शिकवलेली चालत नाही. त्यामुळे धाकट्या बहिणीचा फोन आला, "ताई, पाण्याला पडदे लावायचेत, शिवशील का?" तेव्हा माझी सटकलीच.

"कुणाला?"

"पाण्याला."

"का? आंघोळ करतंय का ते?"

ती हसली नाही. कामाचं बोलत असली की ती हसत नाही. संध्याकाळी दुकानात येऊन समजावते म्हणाली आणि फोन ठेवून दिला.

तिला आम्ही बारकी म्हणतो. तिशी उलटली, इंजिनिअर झाली, शहराच्या जलशुद्धीकरण केंद्रात मोठ्या जागेवर बसली, तरी घरात ती बारकीच. केंद्रातून बाहेर पडणारं पाणी खरोखर पिण्याजोगं झालंय की नाही, ते तपासायचं तिचं काम. आता हे काम तिनेच का धरलं, त्याला कारण आहे, आणि ते कारण आमच्या स्वयंपाकघरात गॅसवर ठेवलेलं असतं.

आमचं घर वरच्या वस्तीत. इथे टँकरचं पाणी. बारकी लहान असताना त्याच पाण्याने आजारी पडली. दवाखान्यात नुसती हाडं उरली होती पोरीची. वाचली, पण त्या दिवसापासून आईने पाणी उकळायला घेतलं ते आजतागायत. घरात दुसरं काही शिजो न शिजो, पाण्याचं पातेलं गॅसवर असणारच. आणि गार व्हायच्या आत कुणीतरी पिणार, नाहीतर आई पुढचं पातेलं त्यातच ओतणार, त्यामुळे आमच्याकडचं पाणी बारा महिने कोमट. पाहुणे एक घोट घेतात, पेल्याकडे बघतात आणि राहू दे, चहाच टाका म्हणतात.

बारकीला नोकरी लागली तेव्हा आईला वाटलं, सुटले एकदाची. पहिल्याच रविवारी तिने विचारलं, "काय गं, बंद करू का उकळणं?"

"अजून नाही, आई."

तेव्हापासून दर रविवारी हाच प्रश्न आणि हेच उत्तर. खोटं बोलून म्हातारीचं मन राखणं बारकीला जमत नाही. मला जमलं असतं. पण माझ्या शब्दावर आईने पातेलं उतरवलं नसतं, हेही तितकंच खरं.

गेल्या वर्षी वस्तीपर्यंत पाइप आला. स्वयंपाकघरात नळ बसला, चकचकीत आणि कोरडा ठणठणीत. आई तो रोज पुसायची. केंद्रातली दुसरी टाकी तपासणीत पास झाली की आमच्या वस्तीचा व्हॉल्व्ह उघडणार होता, आणि ती टाकी काही केल्या पास होत नव्हती.

संध्याकाळी बारकी आली ती कापडाचा भलामोठा गठ्ठा दोन माणसांकडून उचलून घेऊनच. पिण्याच्या पाण्यात चालेल असं खास कापड, गाढवाच्या कातड्याइतकं जाड. शहरातल्या बाकी शिवणाऱ्यांनी ते बघूनच हात जोडले होते म्हणे.

"आता नीट ऐक," ती म्हणाली. "पाणी गाळून झालं की आम्ही त्यात क्लोरीन घालतो, जंतू मारायला. पण घातलं की लगेच मेले, असं होत नाही. तू हाताला साबण लावून त्याच क्षणी धुतलास तर मळ निघतो का? तसंच. पाण्याने क्लोरीनसोबत निदान अर्धा तास टाकीत थांबायला हवं."

"मग थांबवा की. टाकी एवढी मोठी आहे."

"मोठी आहे, पण मोकळी आहे. पाणी या टोकाने आत येतं आणि नाकासमोर सरळ चालत त्या टोकाने बाहेर पडतं. कोपऱ्यातलं पाणी तासन्‌तास लोळत राहतं, मधलं मात्र सुसाट. म्हणून आडवे पडदे लावायचे. एक या भिंतीपासून, पुढचा त्या भिंतीपासून. पाण्याने वळत वळतच गेलं पाहिजे."

"सरासरी काढा ना," मी माझा शहाणपणा पाजळला. "कुणी तासभर थांबलं, कुणी दहा मिनिटं. जमलं."

"नाही जमत. आम्ही सगळ्यात आगाऊ पाणी बघतो. जे सगळ्यात आधी निसटतं ते. एखाद्या पोराच्या पेल्यात नेमकं तेच आलं तर?"

कुठल्या पोराच्या, ते मला विचारायची गरज नव्हती.

मग वातावरण जरा हलकं करावं म्हणून मी माझी खास बरणी काढून टेबलावर ठेवली. पडदा नीट सरळ पडावा म्हणून खालच्या कडेत छोटी वजनं शिवतात, ही माझी आवडती युक्ती. बारकीने बरणीत डोकावलं आणि किंचाळली.

"शिसं? पिण्याच्या पाण्यात शिसं? ताई, तुरुंगात पाठवतेस का मला?"

"अगं, एवढीशी तर आहेत!"

"उचल ती बरणी! आधी उचल!"

शेवटी तिने कापडासोबत आणलेली स्टीलची साखळी घालायची ठरलं. मग तिने मापं सांगितली. वरच्या तारेपासून थेट जमिनीपर्यंत, आणि शिवाय वीतभर जास्त. मी मान डोलावली. मनात म्हटलं, इंजिनिअर असशील तुझ्या घरची, पडद्यातलं तुला काय कळतंय? जमिनीवर लोळणारा पडदा म्हणजे शिकाऊ माणसाचं काम. मळतो, अडकतो, कडा कुजते. चांगला पडदा जमिनीपासून चार बोटं वर असतो, हे माझ्या हाताला झोपेतही कळतं. तेव्हा मी बहिणीची चूक बिनबोभाट सुधारून टाकली. उगाच तिला चार लोकांत कशाला खाली बघायला लावा?

पडदे टांगले त्या दिवशी बारकी मुख्य कार्यालयात तपासणीची तारीख घ्यायला गेली होती. टांगायचं काम फोरमनकाकांनी बघितलं. हे केंद्रातले सगळ्यात जुने गृहस्थ, पोट पुढे, हसू त्याच्याही पुढे. टाकी रिकामी होती. आम्ही धुतलेले रबरी बूट घालून आत उतरलो आणि मी माझं काम डोळे भरून बघितलं. एकामागे एक पडदे, आणि खालच्या कडा अशा सरळ की पट्टी लावून बघा.

"वा, काय फिनिशिंग आहे!" फोरमनकाका म्हणाले.

मी फुगले. उगाच कशाला नाकारू, चांगलीच फुगले. बारकी परतली तोवर टाकीत पाणी भरून झालं होतं आणि माझे पडदे बुडाले होते.

तपासणीला वरून एक बाई आल्या. मोठ्या अधिकारी, बारीक आवाज, गळ्यात चष्मा. काहीही विचारा, उत्तर एकच. पाणी चांगलं आहे ना मॅडम? बघू. चहा घेणार? बघू. मी त्यांचं नाव बघूबाई ठेवलं आणि फोरमनकाकांना सांगितलं, तर ते हसता हसता खोकायला लागले.

तपासायची रीत मोठी मजेची. टाकीच्या तोंडाशी पिंपात मीठ विरघळवून एकदम ओततात आणि दुसऱ्या टोकाला मीठ ओळखणारं यंत्र लावतात. मीठ तिथे कधी पोचतं यावरून पाणी आत किती वेळ राहिलं ते कळतं. तपासणीचं पाणी कुणाला पाजत नाहीत, बाहेर सोडून देतात. मी मुद्दाम दुकान बंद ठेवून बघायला गेले होते. माझे पडदे पास होणार होते ना!

मीठ ओतलं. बारकी यंत्रापाशी उभी. आम्ही चहा घेतला. माझा कप अर्धाही झाला नसेल, यंत्रावरचा आकडा हलला आणि भराभर चढायला लागला.

बारकीच्या तोंडचं पाणी पळालं. तिने यंत्र पुसलं, पुन्हा बघितलं, वायर हलवून बघितली. आकडा आपला वरच.

"पडद्यांआधी यायचं त्यापेक्षा थोडं उशिरा आलं," बघूबाई म्हणाल्या. "पण हे पुरेसं नाही. मी परवा दुपारपर्यंत इथे आहे. त्यानंतर माझी फेरी पुढच्या वर्षी."

"परवापर्यंत सापडलं काय चुकलंय ते, तर पुन्हा कराल?" बारकीने विचारलं.

"बघू."

पुढचं वर्ष! आई आणखी एक वर्ष नळ पुसणार आणि पातेली उकळणार. मला त्या बाईचा इतका राग आला की तिच्या चष्म्याची दोरी ओढावीशी वाटली. पण चूक तिची नव्हती, आणि बारकीचीही नसावी असं माझं मन म्हणत होतं. आम्ही कँटीनमध्ये जाऊन बसलो. तेवढ्यात आईचा फोन आला. बारकी खिडकीकडे तोंड करून एवढंच म्हणाली, "अजून नाही, आई."

फोरमनकाका बिचारे तिची समजूत घालायला लागले. "गणित कुठेतरी हुकलं असेल. पडद्यांत तर खोट नाही. ताईंनी असे झकास शिवलेत की खाली झाडू फिरवायलासुद्धा जागा ठेवलीय."

बारकीचा पाव बशीतच राहिला. "झाडू फिरवायला?"

"तर काय!" मी तावातावाने म्हणाले. "चार बोटं सोडलीत, नेहमीसारखी. तू सांगितलेलं माप चुकीचं होतं, मी दुरुस्त केलं. जमिनीला टेकलेला पडदा म्हणजे... खालून कसा मोकळा पाहिजे, म्हणजे खालून सगळं..."

बोलता बोलता माझं तोंड उघडंच राहिलं. खालून सगळं नीट सरकतं, असं मी म्हणणार होते. धूळ, झाडू, वारा. आणि पाणी.

मला वाटलं, आता ही मला फाडून खाणार, आणि खाल्लं तर बरोबरच आहे. मी डोळे मिटून घेतले. तर कानावर आलं हसू. बारकी टेबलावर डोकं टेकून हसत होती. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"चार बोटं! ताई, अगं बये, पाण्याला चार बोटं म्हणजे हमरस्ता!" मग एकदम उठून तिने माझे दोन्ही गाल धरले. "म्हणजे टाकी चांगली आहे! माझं गणित बरोबर आहे! फक्त पडदे आखूड आहेत! काका, टाकी रिकामी करा, आत्ताच्या आत्ता!"

शिव्या खायच्या तयारीत असलेल्या माणसाचे असे गाल धरले तर तो काय करणार? मी रडले. फोरमनकाकांनी मला स्वतःचा पाव दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी केंद्राची गाडी माझं मशीन न्यायला आली, तशी आईही चपला घालून दारात उभी.

"तू कुठे?"

"एवढं लांब कापड मशीनमागे धरायला माणूस नको? ज्या पाण्यासाठी मी नळ पुसतेय, ते कुठे राहतं ते तरी बघू दे."

पडदे अंगणात काढून स्वच्छ फरशीवर पसरले. उरलेल्या कापडाची रुंद झालर कापून प्रत्येकाच्या खाली जोडायची होती. झालर! जुनाट दिसते म्हणून मी आयुष्यभर गिऱ्हाइकांना जिच्यापासून परावृत्त केलं, ती. मशीन घरघरत होतं, सुया मोडत होत्या, मी सुयांना आणि स्वतःला आलटून पालटून शिव्या घालत होते. आई मागून कापड ओढून धरत होती आणि सरळ कुठे नाही, वाकडं कुठे जातंय ते ओरडून सांगत होती. बारकी साखळी ओवत होती. लहानपणानंतर आम्ही तिघी एका कापडाभोवती अशा बसलोच नव्हतो. ऊन छान होतं. मला तर इतकं बरं वाटत होतं की आपण चूक निस्तरतोय हेच मी विसरले.

मधेच बघूबाई फिरत फिरत आल्या आणि उभ्या राहून बघायला लागल्या. आईने पिशवीतून बाटली काढली आणि घटाघट पाणी प्यायली. उकळलेलं, घरून आणलेलं. जलशुद्धीकरण केंद्राच्या अंगणात, तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यासमोर. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"इथलं पाणी चालत नाही तुम्हाला?" बघूबाईंनी विचारलं.

"चांगलं असेल हो तुमचं पाणी," आई शांतपणे म्हणाली. "पण माझी मुलगी अजून हो म्हणालेली नाही."

बघूबाईंनी चष्मा गळ्यात सोडला, फरशीवर बसकण मारली आणि झालरीचं दुसरं टोक धरलं.

उजेड होता तोवर पडदे पुन्हा टांगून झाले. या वेळी बारकी स्वतः टाकीत उतरली, गुडघ्यांवर बसली आणि तिने प्रत्येक पडद्याखाली हात घालून बघितलं. बोटसुद्धा जाईना. झालर जमिनीवर अशी लोळत होती की एरवी मी ती उसवली असती. मग टाकी धुऊन, जंतुनाशकाने पुसून काढली आणि भरायला घेतली.

परवाची सकाळ उजाडली. मीठ ओतलं. चहा आला, पण कुणी हात लावेना. फोरमनकाका यंत्रावर इतके ओणवे झाले की बारकीने त्यांना खांद्याला धरून मागे ओढलं. आकडा हलेना. चहावर साय धरली. आकडा हलेना.

"यंत्र बंद तर नाही ना पडलं?" मी कुजबुजले.

"ताई, तू गप्प बस."

मी गप्प बसले. माझ्या डोळ्यांपुढे सारखं ते पाणी येत होतं. पडद्यापाशी पोचतंय, खाली वाकून वाट शोधतंय, झालर बघून चरफडतंय आणि निमूटपणे वळसा घालून पुढच्या पडद्याकडे जातंय. जा बाबा, वळून जा, तुला कुणी शॉर्टकट ठेवलेला नाही. अर्धा तास उलटून गेला. आईने माझा हात इतका घट्ट धरला होता की बोटं बधिर झाली. त्यानंतरही बऱ्याच वेळाने आकडा हलला, आणि अगदी सावकाश, लाजत लाजत चढायला लागला.

बारकी वळून बघूबाईंकडे बघायला लागली. आम्ही सगळेच बघायला लागलो.

"बघितलं," बघूबाई म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच हसल्या.

फोरमनकाकांनी टोपी हवेत उडवली. ती पडली नेमकी पाणी बाहेर सोडायच्या चरात आणि वाहत गेली. ते तिच्यामागे धावले, त्यांच्यामागे मी. आयुष्यात इतकी कधी हसले नव्हते.

जंतूंचे नमुने प्रयोगशाळेत वाढतात की नाही ते बघायला थोडे दिवस जावे लागतात. तेही स्वच्छ निघाले. मग एका सकाळी आमच्या स्वयंपाकघरातला नळ खोकला, फुरफुरला, थोडं गढूळ ओकला आणि शेवटी मोकळी, पांढरीस्वच्छ धार सोडून मोकळा झाला. बारकीने ती बराच वेळ वाहू दिली. मग एका छोट्या नळीत पाणी घेऊन गोळी टाकली. पाणी गुलाबी झालं. म्हणजे क्लोरीन आमच्या नळापर्यंत शिल्लक होतं. वस्तीतल्या आणखी घरांचेही नमुने तिने घेतले होते. ती काही विसरणाऱ्यातली नाही.

आई गॅसपाशी लायटर हातात धरून उभी होती. पातेलं रिकामं होतं. त्या दिवशी रविवार नव्हता.

"काय गं," तिने विचारलं, "बंद करू का उकळणं?"

बारकीने ती गुलाबी नळी ओट्यावर ठेवली. मग म्हणाली, "कर, आई."

आईने लायटर ठेवला. पेला विसळला, नळाखाली धरून काठोकाठ भरला. बारकीने हात पुढे केला, तर आईने पेला स्वतःच्या तोंडाला लावला आणि सगळा पिऊन टाकला.

"तू थांब," तोंड पुसत ती म्हणाली. "अर्धा तास."

"आई! सगळ्या तपासण्या झाल्यात! मी स्वतः केल्यात!"

"तुझ्या झाल्या. माझी व्हायचीय. क्लोरीनला अर्धा तास देता, मग आईला नको द्यायला?"

आई खुर्चीवर बसली. आम्ही दोघी तिच्यासमोर, टाकीपाशी यंत्राकडे बघायचो तशा तिच्याकडे बघत. मधे एकदा तिने पोटावरून हात फिरवला तर बारकी घाबरून उठली, आणि आईने तिला बस म्हणून दटावलं. मी तोंडात रुमाल कोंबून हसू दाबत होते.

अर्धा तास झाला. आई घड्याळाकडे बघून उठली. नळ सोडला, नवा पेला भरला आणि बारकीच्या हातात दिला. कितीतरी वर्षांपूर्वी दिलेल्या एका पेल्यानंतर, न उकळलेलं पाणी तिने या पोरीला पहिल्यांदाच दिलं होतं.

बारकीने एका दमात पेला रिकामा केला आणि तो गालाला लावून उभी राहिली.

"कसं आहे?" आईने विचारलं.

"गार आहे, आई," ती म्हणाली. "गार आहे."